पार्टी शनिवारी येतेय

लोणावळ्यात कुठला बंगला विकायला काढलाय हे कळायला पाटी लागत नाही. वर्षानुवर्षं करकरणारं फाटक एका रात्रीत गप्प होतं. अंगणात प्लास्टिकची हिरवळ उगवते, आणि तीही अशा गावात, जिथे खरी हिरवळ पायरीवर, कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर आणि आठवडाभर दुर्लक्ष झालं तर उभ्या स्कूटरच्या सीटवरही येते. दाराशी दोन नव्या कुंड्या असतात, त्यांना नर्सरीची चिठ्ठी अजून चिकटलेली. आणि एरवी व्हरांड्यात बनियनवर बसून पर्यटकांच्या गाड्यांना शिव्या घालणारे मालक इस्त्रीचा शर्ट घालून त्याच गाड्यांकडे बघून हसत असतात. न जाणो, त्यातलीच एखादी पार्टी निघायची.

पार्टी म्हणजे घर घेणारा. तो एकटा असला तरी पार्टीच, आणि सहसा तो एकटा नसतो. बायको, आई, मेहुणा, मेहुण्याचा वास्तुशास्त्र जाणणारा मित्र आणि स्विमिंग पूल कुठे आहे असं गाडीतून उतरायच्या आधी विचारणारी दोन मुलं असा सगळा जथा येतो. येतो शनिवारी, आणि घाटात अडकून तीन तास उशिरा. एजंटला त्याचं काहीच वाटत नाही. तो म्हणतो, "बघा ना साहेब, एरियाला केवढी डिमांड आहे!" वाहतूककोंडीचं असं सोनं करणारी जमात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

या सगळ्या धावपळीच्या मुळाशी पाऊस आहे. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो. तिथून पासष्टेक किलोमीटर पश्चिमेला, घाटमाथ्यावर, लोणावळ्यात तोच चार हजारांच्या वर जातो. कार्ला, कामशेत करत तळेगावकडे यावं तसा त्याचा जोर ओसरतो. घाटमाथ्यावर घर विकतो तो पाऊस आणि घर सडवतो तोही पाऊस. माणूस लोणावळ्याच्या प्रेमात पडतो तो जुलैत. तेव्हा डोंगरावरून दुधाच्या धारा येत असतात, ढग खिडकीतून आत शिरतात, आणि ते ढग आत शिरल्यावर गादीत मुक्कामाला राहतात हे त्याला रविवारी संध्याकाळपर्यंत कळायचं काही कारण नसतं. मे महिन्यात घर खडखडीत कोरडं, भिंती गुळगुळीत, कपाटाची दारं एका बोटाने लागतात. पण डोंगर करपलेले आणि भुशी डॅमच्या पायऱ्यांवर टिपूस नाही. म्हणजे मे महिन्यात घर दाखवण्यासारखं असतं आणि गाव नसतं. जुलैत गाव दाखवण्यासारखं असतं आणि घर झाकण्यासारखं असतं.

लोणावळ्यातल्या तुंगार्लीला माझ्या मामांचा बंगला होता. एक्सप्रेस वे व्हायच्या आधी, नव्वदच्या दशकात, त्यांनी तो हौसेने बांधला. मुलं पुण्यात स्थिरावली, मामांच्या गुडघ्यांनी जिन्याविरुद्ध बंड केलं आणि तळेगावात लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचं ठरलं. म्हणून हा विकायला काढला. एजंट आला. तिशीतला, मोटारसायकलवर, दोन फोन, दोन्ही चालू. त्याने घरभर एक चक्कर मारली, हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीपाशी क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "काका, लोड घेऊ नका. मोठा खर्च करायचाच नाही. फक्त प्रेझेंटेबल करू."

"आणि गच्ची गळते, तिचं काय?" मामी म्हणाल्या.

"मामी, पार्टी गच्चीत व्ह्यू बघायला जाते. खाली कोण बघतंय?"

पुढचे दोन महिने त्या घरात दोन पंथ नांदत होते. एजंटचा पंथ म्हणायचा, पाणी झाका. मामींचा पंथ म्हणायचा, पाणी घालवा. मामा कुठल्या पंथाचे हे त्या दिवशी घरात कोण हजर आहे यावर ठरायचं.

घर विकण्याआधी त्याची वेणीफणी करण्याची विद्या अमेरिकेतून आली असं एजंट सांगत होता आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता. सिएटलच्या बार्ब श्वार्त्झ यांनी १९७२ च्या सुमारास तिला धंद्याचं रूप दिलं असं मानतात. पसारा आवरा, घरच्यांचे फोटो काढून ठेवा, भिंती फिक्या रंगवा, दिवे लावा. पाहुण्याला वाटलं पाहिजे की इथे कोणी राहतच नव्हतं, सगळे त्याचीच वाट बघत होते. त्या विद्येतली एक युक्ती म्हणजे पार्टी यायच्या वेळी भट्टीत पाव किंवा बिस्किटं भाजायला ठेवायची. त्या वासाने म्हणे माणसाला आपल्या बालपणीचं घर आठवतं आणि तो भाव करताना विरघळतो.

तुंगार्लीत भट्टी कुठली? एजंटने तिचं मावळी रूपांतर केलं. "मामी, पार्टी गेटात शिरली की कांदाभज्यांचा पहिला घाणा सोडा."

यात तथ्य आहे हे मान्य करायला हवं. पावसाळ्यात बंद राहिलेल्या लोणावळ्याच्या बंगल्याला एक खास वास असतो. ओली छत्री, जुनी सतरंजी, डांबरगोळ्या आणि कपाटामागे मागच्या वर्षी गेलेला उंदीर यांनी मिळून तो तयार होतो. त्याच्यावर उदबत्ती चालत नाही. उदबत्तीने फक्त घरात कोणी गेलंय का असं वाटतं. रूम फ्रेशनर मारला तर दोन्ही वास वेगवेगळे येतात. भजी मात्र जिंकतात. पहिली पार्टी ठाण्याची होती. मामींनी तीन घाणे काढले. पार्टीने ते व्हरांड्यात बसून, पाऊस बघत, चहाबरोबर संपवले, ओव्याचं प्रमाण विचारलं, आणि घराच्या किमतीचा शब्दही न काढता "परत येतो" म्हणून गेली. बोलल्याप्रमाणे पुढच्या शनिवारी परत आली. यावेळी बरोबर त्यांच्या शेजारचं कुटुंब होतं. "यांनाही घर घ्यायचंय का?" मामांनी आशेने विचारलं. "नाही हो," ते म्हणाले, "यांना म्हटलं, एकदा भजी खाऊन बघा."

तरी घराची जाहिरात सिएटलच्या बाईंनी शोधली असं कोणी म्हणालं तर मावळच्या माणसाने त्याला सरळ कार्ल्याला न्यावं. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक ब्राह्मी लेख आहे. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजींनी हे शैलगृह पुरं केलं असं त्यात सांगितलंय, आणि पुढे हे सबंध जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचंही नोंदवून ठेवलंय. मावळात पैसे गुंतवणारा पहिला मोठा माणूससुद्धा बाहेरगावचाच होता, आणि त्यानेही ब्रोशर छापताना हात आखडता घेतला नव्हता. आतल्या खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावं आहेत. आपल्याकडे बागेतल्या बाकांवर असतात तशी. आजच्या ब्रोशरांपेक्षा फरक इतकाच की भूतपालाचं म्हणणं अजून कोणाला नीट खोडून काढता आलेलं नाही. छताच्या लाकडी कमानी अजून वर आहेत. चार हजार मिलिमीटरचा पाऊस दोन हजार वर्षं बाहेर कोसळतोय आणि आत पीव्हीसी पॅनेल नाही. त्या लोकांनी डोंगरावरून येणाऱ्या पाण्यासाठी कडेला टाकी खोदली होती, तिकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. सगळे हत्तींपाशी सेल्फी काढून एकवीरेच्या रांगेत जातात.

पीव्हीसी पॅनेलवर आलोय तर त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आजच्या लोणावळ्याचं खरं लेणं ते आहे. लाकडाच्या रंगाच्या प्लास्टिकच्या लांब पट्ट्या, भिंतीवर ठोकल्या की अर्ध्या दिवसात ओल अदृश्य. ज्यांना तेवढाही खर्च नको त्यांच्यासाठी विटांचा उठाव असलेलं फोमचं स्टिकर असतं. मागचा कागद सोलायचा आणि चिकटवायचं. पांढऱ्या विटांची एकच भिंत आणि बाकी तीन साध्या असं दिसलं की ही सजावट आहे असं मुंबईचा माणूस समजतो. लोणावळ्याचा माणूस समजतो की ही पश्चिमेची भिंत आहे. त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे तसबिरी. इथे एक नियम जवळजवळ अपवाद नसलेला आहे, की तसबीर जितकी मोठी तितकी तिच्यामागची ओल मोठी. मामांच्या हॉलमध्ये तीन फुटी गणपती होता. ऑगस्टअखेर ओल त्याच्या कडेने बाहेर डोकावू लागली तेव्हा मामांनी पाच फुटी सूर्योदय आणला आणि त्याच्या खाली फरशीपर्यंत एजंटच्या माणसाकडून पॅनेल मारून घेतलं. गणपती जिन्यात गेला, कारण जिन्यातही लागतच होता.

रंगाचंही तसंच. रंगारी सांगतो, पुट्टी मारू, प्रायमर मारू, वर दोन हात इमल्शन, भिंत आरशागत. होतेही. पण भिंत आतून ओली असेल तर पाण्याला बाहेर यायचंच असतं, आणि समोर इमल्शनची घट्ट कातडी. मग ती कातडी फुगते, तिला टाचणी लावावी असे टपोरे फोड येतात, पोपडे सुटतात, आणि फरशीवर रोज सकाळी पांढरा भुगा पडतो. जुनी माणसं चुना मारायची. चुना दिसायला गरीब, हात लावला तर हाताला लागणारा, पण त्यातून भिंतीचा ओलावा निघून जायचा. आणि चुना बुरशीलाही फारसा मानवायचा नाही. मात्र एजंटला चुन्याचं नाव काढलेलं चालत नाही. "काका, चुना लावला म्हटलं तर पार्टी काय समजेल?"

आता मामींचा पंथ. तो दिसायला अगदीच बिनचेहऱ्याचा. पार्टी यायच्या आधी म्हणून मामींनी पहिलं काय केलं, तर गड्याला घेऊन गच्चीत गेल्या आणि पाणी जायच्या पाइपाच्या तोंडातून जांभळाची पानं, एक चेंडू आणि पतंगाचा सांगाडा काढला. गच्चीच्या निम्म्या गळतीचं कारण ते होतं. उरलेल्या निम्म्याचं कारण उतार. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात तो नुसता जाडीसाठी नसतो. पाण्याला शंभराला एक तरी उतार मिळावा म्हणून असतो. मामांच्या गच्चीचा उतार काळाच्या ओघात पाइपाकडून जिन्याकडे वळला होता. गवंड्याने एका दिवसात, एका पोत्याहून कमी सिमेंटमध्ये, तिथला खड्डा भरून उतार परत जागेवर आणला. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बोट फिरेल असा गोल वाटा मारला. खिडक्यांवरच्या छज्ज्यांना खालच्या कडेने एक बारीक खाच पाडली, म्हणजे पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत न जाता तिथेच टपकतं. मग पाइपाच्या तोंडात बोळा कोंबून मामींनी गच्चीत पाणी भरून ठेवलं आणि दोन दिवस खाली हॉलमध्ये मान वर करून बसल्या. जिन्यातली गळती थांबली होती. मात्र पश्चिमेच्या भिंतीला पाणी वरून नाही, पावसाच्या झोताने बाहेरून यायचं. तिथे बाहेरचा गिलावाच फुटलेला होता आणि तो खर्च मामांनी पुढच्या मालकाच्या नशिबावर सोडला.

हे सगळं पॅनेलच्या निम्म्या खर्चात झालं, आणि पार्टीला दाखवण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. गच्चीत नेऊन "हा बघा उतार" म्हणून कोणाला घर विकता येत नाही. खरं तर लोणावळ्यात हे कळायला हरकत नव्हती. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीजघर चालू केलं ते याच गावच्या पावसावर. इथल्या तलावांत पाणी साठवलं, घाटाखाली उतारावर सोडलं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. पावसाला वाट करून दिली की काय होतं याचं एवढं मोठं प्रात्यक्षिक शंभर वर्षं शेजारी चालू असताना आम्ही त्याच गावात तसबिरी बदलत बसलो होतो.

कपाटांची गोष्ट वेगळी. पूर्वी पावसाळ्यात प्रत्येक कपाटात साठचा पिवळा बल्ब लावून ठेवायचे. उजेडासाठी कोणीच नाही, उबेसाठी. कपडे कोरडे राहायचे, चामड्याच्या चपलांना बुरशी यायची नाही. पार्टीला चांगलं दिसावं म्हणून मामांनी ते काढून एलईडी लावले. कपाटं उजळली आणि आतले कोट दमट झाले, कारण एलईडी नेमकं जे देत नाही तीच गोष्ट तिथे हवी होती. शेवटी मामींनी कोपऱ्यात कोळसे आणि कळीच्या चुन्याच्या वाट्या ठेवल्या. एका पार्टीबरोबरच्या वास्तुतज्ज्ञाने त्या वाट्या बघून मान डोलावली आणि "दोष निवारण केलेलं दिसतंय" म्हणून शाबासकी दिली.

या वास्तुतज्ज्ञांचं एक बरं असतं, त्यांचे उपायही स्वस्तच असतात. ईशान्येला संडास आला? मिठाची वाटी. दरवाजा दक्षिणेला? पिरॅमिड. कुठे काय चुकलंय ते कळत नाहीये? आरसा. आरशाने खोली मोठी दिसते हे सिएटलच्या बाईंनाही माहीत होतं, इथे त्याने ग्रहही हलतात. वर्षानुवर्षं टपकणारा मोरीतला नळ मात्र कुठल्याच ग्रहाला दिसला नव्हता. त्याच्याखाली मामांनी बादली ठेवली होती, बादलीत आवाज होऊ नये म्हणून फडकं घातलं होतं, आणि त्या फडक्याला धुवायचा वार ठरलेला होता. पार्टी येणार म्हणून प्लंबर बोलावला. त्याने वीसेक रुपयांचा वॉशर बदलला, दहा मिनिटांत टपटप थांबली. त्या रात्री मामांना झोप लागेना. इतकी वर्षं आपण ते का केलं नाही हा प्रश्न त्यांना पडला असावा असं मला वाटलं होतं. त्यांना आवाजाची सवय झाली होती, एवढंच निघालं.

एकूणच, घर विकायला काढलं की माणूस परक्यासाठी जे करतो ते पाहून घरच्यांना थोडा अपमान वाटावा. बाथरूमच्या फरशीच्या फटींत व्हाइट सिमेंट भरतं. दारांच्या बिजागऱ्यांना शिवणयंत्राचं तेल मिळतं. बेल वाजते! ज्या बाईने तिसेक वर्षं "अहो, ती खिडकी लागत नाही" असं सांगितलं, तिच्या देखत ती खिडकी कधीही न पाहिलेल्या मुलुंडच्या माणसासाठी पंधरा मिनिटांत लागते.

व्ह्यूचा किस्सा थोडक्यात सांगतो. मामांच्या व्हरांड्यातून डोंगर दिसायचा, पण मध्ये जांभूळ. एजंट म्हणाला, दोन फांद्या उडवा, "व्हॅली व्ह्यू" लिहिता येईल. झाड तोडायला परवानगी लागते, राज्यात त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे, हे मामांनी त्याला सुनावलं. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी व्हरांड्यातल्या दोन्ही खुर्च्या उचलून चार फूट उजवीकडे ठेवल्या. डोंगर दिसायला लागला. शून्य रुपये.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं पंचावन्नावं कलम सांगतं की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायला हवा. पॅनेल, स्टिकर आणि सूर्योदय हे सगळे या कलमाच्या अंगणात कबड्डी खेळत असतात. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलं. विकणाऱ्याला गाडीचं दुखणं माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगली गाडीवाला बाजारातून उठून जातो. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. लोणावळ्याच्या एजंटला हे नोबेलशिवाय माहीत आहे. म्हणून इथे पार्टी कुठल्याही घरात शिरली, अगदी कोरड्या ठणठणीत घरात शिरली, तरी पहिलं वाक्य "गळत असेल ना?" हेच असतं आणि त्या वाक्याची किंमत सांगितलेल्या आकड्यातून लगेच वजा होते.

पण साधारण काळजी म्हणजे किती काळजी? हे कलम लिहिणाऱ्यांनी मराठी सासू पाहिली नसावी. शेवटी जी मुलुंडची पार्टी ठरली, तिच्यातल्या आजींनी घर असं पाहिलं की मी तरी तसं कुणाला पाहताना पाहिलं नव्हतं. व्ह्यू नको, किचन नको. हॉलमध्ये आल्या, चप्पल काढली, अनवाणी पायाने कडेकडेने चालल्या, म्हणजे फरशी कुठे गार लागते ते समजावं. मग हाताची पालथी बाजू भिंतीला लावत गेल्या, ताप बघतात तशी. कपाट उघडलं, नाक आत घातलं. गादी उचलून खालची फळी चाचपली. सूर्योदयापाशी आल्या आणि चित्राचं तोंडभर कौतुक करता करता त्याची खालची कड हलकेच बाजूला केली. घर सुनेच्या नावावर होणार होतं. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, राज्यात २०२१ पासून. तेव्हापासून अशा व्यवहारात सुनेचं मत विचारलं जाऊ लागलंय, पण भिंत अजून सासूच तपासते.

"पावसाळ्यात कसं असतं हो इथं?" आजींनी विचारलं.

मामा म्हणाले, "स्वर्ग!"

मामी म्हणाल्या, "कपडे वाळत नाहीत. जूनमध्ये मीठ-साखर डब्यात घट्ट लावून ठेवायची. जिन्यात गळायचं, ते आम्ही परवा बंद केलंय, या, दाखवते." आणि त्यांना गच्चीत घेऊन गेल्या. उतार दाखवला. वाटा दाखवला. छज्ज्याची खाचही वाकून दाखवली. दोघी अर्धा तास वर होत्या. खाली एजंट डोकं धरून बसला होता. खाली आल्यावर आजी मुलाला म्हणाल्या, "घे. बाई सरळ आहेत."

कागदपत्रांनी मग थोडी गंमत केली. मूळ खरेदीखत कपाटात होतं, आणि कपाटात एलईडी होता. खताची पानं एकमेकांना इतकी घट्ट चिकटली होती की मामांनी ती पंख्याखाली, प्रत्येक पानावर एक चमचा ठेवून, दिवसभर वाळत घातली. घरपट्टीच्या पावत्या निघाल्या, वीजबिल अजून मामांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर निघालं, ते बदलून घ्यायला महिना गेला. घर नीटनेटकं करायला लोक काय काय करतात, पण बिलावरचं नाव वेळेत बदलून ठेवावं हे कोणत्याच एजंटच्या यादीत मी पाहिलेलं नाही.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात साक्षीदार म्हणून मी गेलो होतो. बाकावर ओळीने बसलो होतो: आजी, सून, मुलगा, मामी, मामा, मी. नंबर यायला वेळ होता. मामी मामांना कोपर मारत होत्या. पंचावन्नाव्या कलमाचं त्यांना मीच सांगितलं होतं. दुसऱ्या कोपरानंतर मामांनी घसा खाकरला.

"ते हॉलमधलं पॅनेल आहे ना," मामा म्हणाले, "त्याच्यामागे जरा…"

"माहितीये काका," मुलुंडचा मुलगा म्हणाला. "पहिल्या दिवशीच कळलं. मागच्या महिन्यात आमचा मुलुंडचा फ्लॅट विकला ना. बाथरूमच्या पाठची भिंत. सेम पॅनेल, हेच डिझाइन."

मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग तुमच्या पार्टीला सांगितलंत?"

"आईने सांगितलं, इथल्यासारखंच, बाकावर." त्याने फोनमध्ये आमच्या हॉलचा फोटो काढून मोठा केला. "फक्त तुमच्या माणसाने खालून पॅक केलंय बघा. खाली दोन बोटं जागा सोडायची असते काका, हवा जायला. नाहीतर गणपतीच्या आत फुगतं."